छोटा फ्रिज घेताना : किंमत आणि विजेचा हिशेब

कापडाच्या धंद्यात नवा माणूस एक चूक हमखास करतो. तो मीटरचा भाव विचारतो, पन्हा विचारत नाही. 60 रुपये मीटरचे कापड 80 रुपयांच्या कापडापेक्षा स्वस्त वाटते. पण पहिल्याचा पन्हा 36 इंच आणि दुसऱ्याचा 58 इंच असेल, तर शिंप्याच्या टेबलावर गेल्यावर स्वस्त कापडच महाग पडते. आम्ही हा धंदा तीसेक वर्षे करीत आहोत आणि गिऱ्हाइकाला ही गोष्ट रोज समजावून सांगतो. असे असूनही दुकानासाठी छोटा फ्रिज घेताना आम्ही नेमकी तीच चूक केली. भाव विचारला, पन्हा विचारला नाही.

फ्रिजचा पन्हा म्हणजे तो वर्षभरात किती युनिट वीज खातो, तो आकडा. फ्रिजची किंमत एकदा द्यावी लागते. हा आकडा मात्र दरमहा बिलातून वसूल होत राहतो. हिमायतनगरच्या बाजारात अलीकडे छोट्या फ्रिजची बरीच विचारपूस होते. पानपट्टीवाले, औषध दुकानदार, भाड्याच्या एका खोलीत राहणारी नोकरदार मंडळी, सगळ्यांचा समज एकच असतो : डबा लहान, म्हणजे बिलही लहान. हा समज कितपत खरा आहे, ते प्रस्तुत लेखात आकड्यांनिशी पाहू.

प्रथम फ्रिज काय करतो ते समजून घेतले पाहिजे. फ्रिज थंडी तयार करीत नाही. आत शिरलेली उष्णता उचलून बाहेर टाकतो. गळक्या छपराखाली साचलेले पाणी बादलीने उपसावे, तसे हे काम आहे. छप्पर जितके गळेल तितके उपसावे लागते. फ्रिजच्या भिंती हे त्याचे छप्पर. बाहेर मे महिन्याचा उकाडा आणि आत पाच अंश, म्हणजे भिंतीतून उष्णता रात्रंदिवस झिरपणार. आत एक बाटली असो वा दहा, झिरपणे थांबत नाही.

आता कापडाच्या भाषेत बोलू. 50 लिटरचा एक चौकोनी ठोकळा घ्या. त्याची बाजू सुमारे 37 सेंटीमीटर येते. सहाही बाजूंना कापड गुंडाळायचे तर 0.8 चौरस मीटर लागेल. 200 लिटरचा ठोकळा घेतला तर बाजू साडेअठ्ठावन्न सेंटीमीटर आणि कापड 2 चौरस मीटरपेक्षा थोडे जास्त. म्हणजे आतली जागा चौपट झाली, पण कापड अडीचपटच लागले. उष्णता या कापडातून शिरते, लिटरमधून नव्हे. तेव्हा लहान फ्रिजला दर लिटरमागे जास्त कापड, म्हणजेच जास्त गळती.

त्यात आणखी एक भर पडते. लहान फ्रिजच्या भिंती बहुधा पातळ असतात, कारण जाड केल्या तर आत जागाच उरणार नाही. फोमची भिंत 3 सेंटीमीटर जाड धरली, बाहेर 38 आणि आत 5 अंश धरले, तर दर चौरस मीटरमधून साधारण 26 वॅट उष्णता आत येते. भिंत 5 सेंटीमीटरची असेल तर ती 16 वॅटच्या आसपास राहते. गुणाकार करा : लहान ठोकळ्यात 21 वॅट, मोठ्यात 32 वॅट. चौपट मोठ्या फ्रिजची गळती फक्त दीडपट!

लहान कॉम्प्रेसर मोठ्या कॉम्प्रेसरइतका कामसूही नसतो. हिशेबापुरते असे धरू की लहान यंत्र एक युनिट वीज घेऊन एक युनिट उष्णता बाहेर टाकते आणि बरे मोठे यंत्र तेवढ्याच विजेत दीड युनिट. आता दोघांचा दिवसाचा खर्च काढला तर लहान फ्रिजला अर्धे युनिट आणि मोठ्यालाही अर्धे युनिटच लागते. हे आकडे कागदावरचे आहेत. त्यात दाराची उघडझाप आणि आत ठेवलेला माल धरलेला नाही. पण मामला कोणत्या बाजूला झुकतो ते वाचकांच्या लक्षात आले असेल.

सरकारच्या ताऱ्यांच्या लेबलातही हेच दडलेले आहे. 2001 च्या ऊर्जा संवर्धन कायद्याखाली ऊर्जा दक्षता ब्युरो स्थापन झाला आणि 2006 पासून विजेच्या उपकरणांवर तारे लावण्याची योजना सुरू झाली. फ्रिजला किती युनिटांवर किती तारे द्यायचे याचे जे सूत्र आहे, त्यात दोन भाग आहेत. एक भाग लिटरप्रमाणे वाढतो. दुसरा ठरावीक असतो, फ्रिज केवढाही असो. हा दुसरा भाग म्हणजे दुकानाचे भाडे समजा : विक्री होवो न होवो, द्यावेच लागते. म्हणून तीन तारे असलेला छोटा फ्रिज आणि तीन तारे असलेला मोठा फ्रिज यांची तुलना ताऱ्यांवरून करू नये. ताऱ्यांच्या जवळच वर्षाला लागणाऱ्या युनिटांचा आकडा छापलेला असतो, तो वाचावा. लेबल कोणत्या काळासाठी आहे तेही पाहावे, कारण ताऱ्यांचे माप वेळोवेळी कडक होत जाते आणि जुन्या मापाचे पाच तारे नव्या मापात पाच राहतीलच असे नाही.

तो छापील आकडा प्रयोगशाळेतल्या ठरावीक तापमानाचा असतो. आमचे हिमायतनगर प्रयोगशाळा नाही. येथे एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या दुकानात दुपारी दोन वाजता काय होते, हे ज्याने तेथे बसून गिऱ्हाईक केले आहे त्यालाच ठाऊक. म्हणून आम्ही स्वतःच मोजायचे ठरवले.

आमचा फ्रिज 50 लिटरचा, 8,500 रुपयांना घेतलेला. लग्नसराईत गावोगावचे लोक बस्त्यासाठी येतात, एकेका कुटुंबात दहा-बारा माणसे असतात, त्यांना गार पाणी मिळावे एवढाच हेतू. पहिल्या उन्हाळ्यात बिल वाढून आले तेव्हा आम्हाला मीटरवरच शंका आली. धाकट्या भावाने सांगितले, “भाईजान, मीटरला दोष देण्याआधी एक वही घाला.” वही घातली. मोजण्याची रीत सोपी आहे. दुकानातले बाकी सर्व बंद ठेवता येईल असा सुटीचा दिवस निवडावा, फक्त फ्रिज चालू ठेवावा आणि मीटरचा आकडा चोवीस तासांच्या अंतराने दोनदा लिहावा. ज्यांना इतका वेळ नाही त्यांनी मीटरवरच्या लुकलुकणाऱ्या लाल दिव्याकडे पाहावे. दर युनिटला तो किती वेळा लुकलुकतो, तो आकडा मीटरच्या तोंडावरच छापलेला असतो. तो 3200 असेल, तर 3200 वेळा लुकलुकला म्हणजे एक युनिट झाले. तासाभराच्या मोजणीवरून अंदाज येतो. मात्र तासभर पूर्ण मोजावा, कारण फ्रिजची मोटर थांबत-थांबत चालते.

याच कारणाने फ्रिजच्या पाठीवर लिहिलेल्या वॅटला 24 तासांनी गुणू नये. 80 वॅट लिहिले आहे म्हणून रोज 1.92 युनिट जळतात असे नाही. मोटर थंडीत थोडा वेळ चालते, मे महिन्यात जवळजवळ थांबतच नाही.

वहीतले आकडे असे निघाले. मेमध्ये रिकामा, बंद फ्रिज दिवसाला अर्ध्या युनिटाहून किंचित जास्त. त्यातच रोज 20 लिटर पाणी गार करून वाटले तर 1.1 युनिट. डिसेंबरात 0.4. चार कडक महिने दिवसाला एक युनिट आणि उरलेले आठ महिने सरासरी 0.55 धरले, तर वर्षाला सुमारे 255 युनिट होतात. दुकानाची जोडणी व्यापारी वर्गात मोडते. तेथे घरासारखे पहिले स्वस्त युनिट नसतात. सर्व आकार मिळून युनिटला 12 रुपये धरले (हा दर आम्ही गणितासाठी धरला आहे, आपल्या ताज्या बिलाची एकूण रक्कम युनिटांनी भागून आपला दर काढावा), तर 3,060 रुपये. तीन वर्षांत विजेचे पैसे फ्रिजच्या किमतीहून जास्त झाले. आम्ही हिशेब केला होता महिन्याला तीस-चाळीस रुपयांचा!

रिकाम्या फ्रिजचा आणि भरलेल्या फ्रिजचा फरक पाहा. निम्मी वीज तर पाण्यानेच खाल्ली. एक लिटर पाणी 35 अंशांवरून 10 वर आणायला 25 किलोकॅलरी उष्णता काढावी लागते, म्हणजे 0.029 युनिट. 20 लिटरला 0.58. शाळेत आम्ही हे उर्दूतून शिकलो होतो, ‘हरारत’ या धड्यात. उपयोग मात्र चाळीस वर्षांनी झाला. यावर उपायही शाळेतलाच आहे. फ्रिजमध्ये नळाचे किंवा टाकीचे पाणी न भरता आधी माठात ठेवलेले पाणी भरावे. माठाने पाणी 25 अंशांवर आणले, तर फ्रिजला फक्त 15 अंश उतरवायचे उरते आणि 0.58 च्या जागी 0.35 युनिट लागते. माठ वीज घेत नाही, हप्तेही मागत नाही. आमच्या दुकानात आज माठ आणि फ्रिज शेजारी शेजारी आहेत. दमट पावसाळ्यात माठाचे चालत नाही, तेवढे खरे.

घरासाठी घेणाऱ्यांनी दराची एक बाब नीट समजून घ्यावी. 2005 साली राज्य वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण आले. दर वीज नियामक आयोग ठरवतो. घरगुती बिलात पहिल्या 100 युनिटांचा दर आणि त्यापुढचा दर यांत मोठा फरक असतो. फ्रिज नवा येतो, तेव्हा त्याची युनिटे बिलाच्या वरच्या टोकाला बसतात. समजा फ्रिज महिन्याला 20 युनिट घेतो, आणि सर्व आकार धरून खालचा दर 6 व वरचा 12 रुपये आहे. ज्या घराचा वापर 85 होता, त्याला फ्रिज 150 रुपयांना पडेल. ज्याचा 95 होता, त्याला 210. ज्याचा आधीच 120 होता, त्याला 240. फ्रिज तोच, कंपनी तीच, गल्ली तीच! म्हणून “अमुक यांना इतकेच बिल येते” या ऐकीव माहितीवर खरेदी करू नये. मागच्या बारा महिन्यांची आपली बिले काढून पाहावीत.

मराठवाड्याच्या माणसाला छोटा फ्रिज कसा हवा, हा प्रश्न एका मोठ्या कंपनीने मराठवाड्यातच येऊन विचारला होता, हे फार थोड्यांना माहीत आहे. गोदरेजने 1958 मध्ये फ्रिज बनवायला सुरुवात केली, तेव्हा असे करणारी ती पहिली भारतीय कंपनी होती. पन्नास वर्षांनी, 2008 मध्ये, त्यांच्या लोकांनी तेव्हाच्या उस्मानाबादेत (2023 पासून धाराशिव) सुमारे 600 महिलांना एकत्र बोलावून छोट्या शीतपेटीचा नमुना दाखवला आणि त्यांची मते घेतली. त्यातून ‘छोटूकूल’ तयार झाला. साधारण 43 लिटरची, आठ किलोच्या आतबाहेर वजनाची, वरून झाकण उघडणारी ही पेटी. आत कॉम्प्रेसर नाही, गॅस नाही. एक चकती आणि पंखा. 12 व्होल्टच्या बॅटरीवरही चालावी अशी रचना. सुरुवातीची किंमत सव्वातीन हजार रुपयांच्या घरात होती आणि विक्रीसाठी टपाल खात्याचीही मदत घेऊन पाहिली गेली. 2012 मध्ये या पेटीला अमेरिकेत एडिसन पुरस्कारही मिळाला.

तिच्यातल्या दोन गोष्टी विजेच्या हिशेबाने शिकण्यासारख्या आहेत. एक म्हणजे वरचे झाकण. गार हवा जड असते. समोरचे दार उघडले की ती पायांवर सांडते, वरचे झाकण उघडले तर बरीचशी आतच राहते. दुसरी गोष्ट त्या चकतीची. तिच्यातून वीज गेली की एक बाजू गार आणि दुसरी गरम होते. पेल्टिये नावाच्या फ्रेंच माणसाने 1834 मध्ये ही करामत शोधली. चकती हलकी, आवाज न करणारी आणि दुरुस्तीला सोपी आहे. परंतु तेवढीच उष्णता बाहेर टाकायला ती कॉम्प्रेसरपेक्षा किती तरी जास्त वीज घेते. शिवाय ती बाहेरच्या तापमानापेक्षा ठरावीक अंशांनीच खाली आणते. बाहेर 30 असताना जे जमते ते 43 ला जमत नाही. पाणी, भाजी, फुले, चॉकलेट यांना ते पुरते. दूध दोन दिवस टिकवायला किंवा औषधाला पुरत नाही. खेड्यांत ही पेटी अपेक्षेप्रमाणे खपली नाही. ज्यांनी घेतली त्यांत टपरीवाले, छोटे दुकानदार आणि शहरातली हौशी मंडळी बरीच होती. आजही बाजारात दहा-वीस लिटरचे बिनकॉम्प्रेसरचे डबे ‘मिनी फ्रिज’ म्हणून विकले जातात. दिसायला सुबक असतात. घेताना एकच प्रश्न विचारावा : आत कॉम्प्रेसर आहे का? विकणारा इकडेतिकडे पाहू लागला तर उत्तर समजून घ्यावे.

आता एक गोष्ट सांगतो, जी सांगताना आम्हाला आजही संकोच वाटतो.

वही सुरू झाल्यावर आम्हाला बचतीचा नाद लागला. दुकान रात्री नऊला बंद होते, सकाळी नऊला उघडते. बारा तास कोणी पाणी पीत नाही, मग फ्रिज कशाला चालू ठेवायचा? आम्ही जाताना बटण बंद करू लागलो. वही सांगत होती की रोज 0.2 युनिट वाचते. बारा तास बंद ठेवूनही बचत एवढी कमी का, तर रात्री आत शिरलेली उष्णता सकाळी पुन्हा बाहेर काढावी लागते. तरी 0.2 म्हणजे 2 रुपये 40 पैसे. व्यापारी माणसाला तेही थोडे वाटत नाहीत.

आमच्या दुकानाला ब्लाउज-परकर शिवून देणाऱ्या एक खाला आहेत. त्यांच्या मुलाला लहानपणापासून साखरेचा आजार, रोज इन्सुलिन घ्यावे लागते. त्यांच्या घरी फ्रिज नाही. धाकट्या भावाने त्यांना सांगितले होते की बाटली आमच्या फ्रिजमध्ये ठेवा, आणि ती दाराच्या कप्प्यात एका डब्यात राहत होती. आम्ही तो डबा रोज पाहत होतो. पण रात्री बटण बंद करताना तो डबा एकदाही मनात आला नाही. मे महिना होता. आठ-दहा रात्री असे चालले. मुलाची साखर वाढू लागली, डोस वाढवला तरी उतरेना. नांदेडला डॉक्टरांनी विचारले, “औषध ठेवता कुठे?” खाला म्हणाल्या, “फ्रिजमध्येच ठेवते.” मग त्या दुकानात आल्या आणि आम्हाला विचारले, “भाई, फ्रिज नीट चालतो ना?” त्या क्षणी आम्हाला सगळे उमगले. औषधाचा जोर कमी झाला असावा, असे डॉक्टरांचे मत पडले. बाटली टाकून नवी आणली, मुलगा चार-पाच दिवसांत सावरला. बाटली दीडशे-पावणेदोनशे रुपयांची. आमच्या दोन महिन्यांहून जास्त रात्रींची बचत तेवढ्यात गेली. मुलाचे दहा दिवस आम्ही कोणत्या रकान्यात लिहिणार?

खालांनी एक शब्दही लावून घेतला नाही, उलट आमचे आभार मानत राहिल्या. त्याचेच जास्त वाईट वाटते.

ज्यांच्या घरी किंवा दुकानात औषध ठेवले जाते, त्यांच्यासाठी हे लिहून ठेवतो. न उघडलेले इन्सुलिन 2 ते 8 अंशांत ठेवावे लागते. ते गोठता कामा नये. गोठले तर वितळवून वापरायचे नाही, टाकून द्यायचे. छोट्या फ्रिजमध्ये बर्फाचा कप्पा आणि बाकी जागा यांत अंतरच नसते, म्हणून बाटली बर्फाच्या कप्प्याखाली किंवा मागच्या भिंतीला चिकटून ठेवू नये. वापरात असलेली बाटली काही आठवडे बाहेर चालते, पण 25-30 अंशांपर्यंतच्या तापमानात. आपल्याकडचा उन्हाळा त्यात बसत नाही. अशा वेळी ओल्या मातीच्या भांड्यात, पाणी लागणार नाही अशा डब्यात ती ठेवतात. आपल्या बाटलीला काय लागू आहे, ते डॉक्टरांना किंवा औषध दुकानदाराला विचारावे. खालांची न उघडलेली बाटली आता आमच्या घरच्या फ्रिजमध्ये असते, जो वर्षाचे बारा महिने चालू असतो.

वीज जाते तेव्हाही लहान फ्रिज लवकर हार मानतो. भिंत पातळ, आत माल थोडा, गारवा धरून ठेवायला काही नाही. भारनियमनाच्या दिवसांत ज्यांनी सोसले आहे त्यांना हे सांगायला नको. आत पाण्याच्या दोन-तीन भरलेल्या बाटल्या कायम ठेवाव्यात. त्या एकदा गार झाल्या की वीज गेल्यावर तेवढा वेळ सांभाळून नेतात.

मग रात्री बंद ठेवणे सोडले, तर बचत कोठे आहे? छोट्या फ्रिजचा एक मोठा गुण असा की तो हंगामापुरता चालवता येतो. घरचा मुख्य फ्रिज बंद करता येत नाही. दुकानातला आम्ही नोव्हेंबर ते फेब्रुवारी पूर्ण बंद ठेवतो. 66 युनिट, जवळपास 800 रुपये वाचतात, आणि कोणाच्या औषधाशी खेळ होत नाही. बंद करताना आतून पुसून कोरडा करावा आणि दार थोडे उघडे ठेवावे, नाहीतर बुरशी धरते.

बाकी काळजी सगळ्यांना माहीत असते आणि कोणी घेत नाही. मागे व बाजूला हवा खेळायला वीतभर जागा सोडावी. आम्ही तो ताग्यांच्या दोन घोड्यांमध्ये दाबून बसवला होता, म्हणजे अंगावर शाल घेऊन धावायला लावण्यासारखे. दाराच्या रबरात कागदाची पट्टी धरून दार लावावे. पट्टी सहज निघून आली तर रबर बदलावे. बर्फ बोटभर जाड होण्याआधी वितळवावा. स्टॅबिलायझरचा विचार मात्र कोणी करत नाही. तो स्वतः 5 वॅट घेत असेल, तर वर्षाला 44 युनिट होतात. हंगाम संपला की त्याचेही बटण बंद करावे. आणि दोन हजारांत मिळणारा जुना फ्रिज घेण्यापूर्वी त्याला चोवीस तास मीटरवर लावून पाहण्याची परवानगी मागावी. विकणारा नाही म्हणाला तर आपणही नाही म्हणावे.

गेल्या वर्षी स्टेशनच्या रस्त्यावरचा एक पानपट्टीवाला मुलगा आमच्याकडे आला. त्याला हप्त्यांवर 50 लिटरचा फ्रिज घ्यायचा होता, गार पाणी आणि ताकाच्या बाटल्या विकण्यासाठी. “चाचा, घेऊ का?” आम्ही वही उघडली. बाटलीमागे त्याला 2 रुपये सुटतात. उन्हाळ्यात दिवसाला 20 बाटल्या, म्हणजे 40 रुपये. वीज 13 रुपये 20 पैसे. फ्रिज सात वर्षे टिकला तर त्याची झीज रोजची 3 रुपये 30 पैसे. हातात साडेतेवीस रुपये उरतात, ठीक आहे. पण सप्टेंबरनंतर खप पाच बाटल्यांवर येतो. 10 रुपये सुटले, वीज 6 रुपये 60 पैसे, झीज 3 रुपये 30 पैसे. दिवसभर दार उघडझाप करून उरले दहा पैसे! हप्त्यावरचे व्याज यात धरलेलेच नाही; ते धरले की पदरचे घालावे लागतात.

मुलगा बराच वेळ आकड्यांकडे पाहत राहिला. मग त्याने आम्हालाही न सुचलेले काम केले. शेजारच्या चहावाल्याला दुधासाठी फ्रिज हवाच होता. दोघांनी मिळून, रोखीने, लेबलावरचा आकडा वाचून 190 लिटरचा एकच फ्रिज घेतला. तो चहाच्या हॉटेलात आहे, खालचा कप्पा पानपट्टीचा. वीज निम्मी-निम्मी. आतापर्यंत पैशांवरून वाद झालेला नाही. दार कोणी उघडे टाकले यावरून मात्र दोघांचे रोज वाजते.